हे आमच्याकडे येत नाही

शहराचं नाव सांगत नाही. गोंदिया जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर पालिकावाले उद्या माझ्याच घरापुढे खड्डा खणून ठेवतील. चार राइस मिल, एक बसस्टँड आणि शेतं विकून पाडलेले ले-आउट, असं ते शहर. त्यातल्या शेवटच्या ले-आउटमध्ये, जिथून पुढे धानाच्या बांध्याच, म्हणजे भातखाचरंच, लागतात, तिथे रामबाई एकटी राहते.

नवरा रेवाराम जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लोकेंद्र रायपूरला कंपनीत आहे, मुलगी दुर्गेश्वरी बालाघाटला दिली. दोघंही रविवारी फोन करतात, औषधं घेतली का विचारतात. पोरं वाईट नाहीत, लांब आहेत. रामबाई रायपूरला राहूनही आली, पण तिसऱ्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसणं तिच्या जिवावर आलं. दार लावून बसायचं तर ते आपल्या घरात काय वाईट, म्हणून ती परत आली.

तिची एक खोड होती. काम असल्याशिवाय ती कोणाच्या दारात पाऊल ठेवत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूनं बजावलं होतं, "काम असन तं जाय. बिनकामाची दारोदारी फिरली तं लोक हासतीन." गावात हे चालून जायचं, कारण गावात कामाला तोटा नव्हता. विरजण मागायचं, कोणाचं सूप परत करायचं, कुठे पापडाला हात लावायचा. ले-आउटमध्ये दही पिशवीत येतं आणि पापड पुड्यात. शेजारी मोठमोठी फाटकं आणि आत कुत्री. बिचारीला कुणाकडे जायला निमित्तच उरलं नाही.

मग तिला निमित्त दिलं ते देवानं नाही, बांधकाम विभागानं.

घरापुढचा रस्ता सिमेंटचा झाला. रस्ता झाला उंच, नाली राहिली खाली, आणि नालीचं तोंड सिमेंटखाली गाडलं गेलं. जरा जोराचा पाऊस आला की साऱ्या ले-आउटचं पाणी रामबाईच्या व्हरांड्यात. पोत्यानं पुसून पुसून कंबर जायची वेळ आली, तेव्हा ती बांधकाम विभागात गेली. तिथले बाबू खेमराज चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पाणी तुंबलं ना बाई? मंग नाली विभागात जा. हे आमच्याकडे येत नाही."

नाली विभाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत. तिथे रुख्मा बसायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नालीचं तोंड रस्त्यानं बुजलं ना मावशी? मंग बांधकामवाल्याईले सांगा. हे आमच्याकडे येत नाही."

तुम्ही-आम्ही असतो तर टेबलावर हात आपटला असता. रामबाईलाही पहिल्या खेपेला राग आला. दुसऱ्या खेपेला जरा कमी आला. पुढे पुढे तर ती दर गुरुवारी धुतलेलं लुगडं नेसून, डब्यात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या भरून निघू लागली. आधी बांधकाम. खेमराज अर्धा कप चहा पुढे सरकवायचे आणि बायकोच्या गुडघ्याचं रडगाणं सांगायचे. मग टाकीखाली, रुख्माकडे. डबे उघडायचे, रुख्माच्या सुनेची कागाळी व्हायची, वड्या संपायच्या. निघताना दोघंही आपापल्या ठिकाणी इमानेइतबारे तेच वाक्य म्हणायचे, आणि रामबाई म्हणायची, "बरं जी, पुढच्या गुरुवारी येतो मंग."

पाणी घरात शिरायचं ते शिरायचंच. कधी कधी चूलखोलीपर्यंत यायचं. पण पोतं पिळताना तिच्या मनात गुरुवार असायचा, त्यामुळे कंबर कमी दुखायची.

पुढे पालिकेत नवे साहेब आले. त्यांनी पाहिलं की बांधकामवाला नालीवाल्याकडे बोट दाखवतो, नालीवाला बांधकामवाल्याकडे, आणि पाणी दोघांच्या मधून लोकांच्या घरात जातं. त्यांनी दोन्ही विभाग मोडून एक केला. एक इमारत, एक फोन नंबर, एकच गाडी आणि गाडीवर दोन्हीकडची माणसं. टोलवाटोलवी बंद. पालिकेचं कौतुक करायची मला सवय नाही, पण हे काम चांगलं झालं, ते नाकारून कसं चालेल?

लोकेंद्रनं रायपूरहूनच मोबाइलवर तक्रार टाकली, नंबर दिला आईचा. दुसऱ्या दिवशी गाडी आली. माणसांनी सिमेंट कापलं, नालीचं तोंड मोकळं केलं, वर लोखंडी जाळी बसवली आणि गेली. त्याच आठवड्यात धो धो पाऊस पडला. रामबाई व्हरांड्यात उभी राहून कोरड्या फरशीकडे बघत राहिली. रविवारी लोकेंद्रनं विचारलं, "झालं ना आई काम?"

"झालं बाबू," ती म्हणाली.

गुरुवार आला. लुगडं नेसून झालं, वड्या तळून झाल्या, आणि कुलूप हातात घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काम नाही. ती तशीच पायरीवर बसली. त्या दिवशी घर तिला खायला उठलं. खेमराजबाबूंची बदली अर्जुनी मोरगावला झाली, रुख्माला नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसवलं, हे तिला किराणा दुकानात कळलं. वड्या ती दोन दिवस खात होती.

मग शनिवारी दुपारी तिचा फोन वाजला. गोड गळ्याची एक मुलगी बोलत होती. "नमस्कार. आपल्या तक्रारीचे निवारण झाले असल्यास एक दाबा. झाले नसल्यास दोन दाबा."

"झालं वो पोरी, लय बेस झालं," रामबाई म्हणाली. "तू जेवली का?"

मुलीनं पुन्हा एक दाबायला सांगितलं.

"दाबतो ना. पयले हे सांग, खेमराजबाबूच्या बायकोचा गुडघा कसा हाय?"

फोन कटला. ऑफिसात घाई असेल, असं रामबाईला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बटण दाबेपर्यंत फोन येतच राहणार, अशी ती व्यवस्था होती. रामबाईला मात्र वाटलं, पोरीला आपल्याशी बोलायला आवडतं. ती फोन होईस्तोवर जेवायची थांबू लागली. परसातली कोचई कशी माजली, रात्री मांजर कसं दूध सांडून गेलं, सगळं घाईघाईनं सांगायची, कारण पोरगी फार वेळ थांबत नसे. पण मधे तोंड घालत नाही, हा तिचा गुण रामबाईनं दुर्गेश्वरीलाही कौतुकानं सांगितला.

आणि एक दिवस दारात स्कूटी थांबली. रुख्मा! रामबाईला काय करू आणि काय नको असं झालं. "ये वो माय, ये. बस. चहा मांडतो."

रुख्मा खुर्चीच्या कडेवर टेकली. "चहा नको मावशी, वेळ नाई. आमच्याकडच्या साऱ्या तक्रारी बंद झाल्या, तुमची एकच उघडी हाय. साहेब मले बोलून राहिले. तुमी एक काऊन नाई दाबत?"

"त्या पोरीसंगं बोलतो ना मी रोज. बोलता बोलता राहून जाते."

रुख्मानं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "मावशी, ते पोरगी नाई होय. मशीन हाय. भरून ठेवलेला आवाज."

"अन मी बोललो ते?"

"कोनीच नाई ऐकलं."

रुख्मानं ते हळू आवाजात सांगितलं, पण हळू सांगितल्यानं काय होतं? रामबाई शरमेनं मेल्याहून मेली. इतके दिवस आपण भिंतीशी बोलत होतो आणि भिंतीसाठी उपाशी थांबत होतो, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं. तेवढ्यात वेळ झाली आणि फोन वाजला. मुलगी तेच बोलू लागली.

"एक दाबलं तं उद्या फोन नाई येनार?"

"नाई येनार."

"अन तू?"

रुख्मानं पदर सारखा केला. "तुमीच या ना कधी ऑफिसात, मावशी."

रामबाईनं एक दाबलं. मुलीनं धन्यवाद दिले. रुख्माची स्कूटी वळणापलीकडे जाईस्तोवर ती फाटकाशी उभी होती.

तिनं बोलावलं होतं, म्हणजे जायला हरकत नव्हती. गुरुवारी रामबाई लुगडं नेसून, डबा घेऊन नव्या इमारतीशी पोहोचली. दारावर गार्ड होता. त्यानं विचारलं, "काम काय हाय आजी?"

रुख्माले भेटाले आलो, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण आयुष्यात असं उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं. मेलेली सासू तिथे येऊन उभी राहिली. रामबाई म्हणाली, "नाली तुंबली जी."

गार्ड भला माणूस. "मंग एवढ्या उन्हात कायले आल्या? आता चकरा मारनं बंद झालं. फोन द्या इकडं." त्यानं तिच्याच फोनवरून तक्रार नोंदवली आणि फोन तिच्या हातात दिला. "झालं. वर जायचं काई कामच नाई. जा आरामात घरी, आजच येतीन." इतक्या अदबीनं आजवर तिला कुणी परत पाठवलं नव्हतं. तिच्या मागे आणखी लोक उभे होते, म्हणून ती बाजूला झाली आणि डबा घेऊन चालू लागली.

संध्याकाळच्या आत गाडी दारात हजर. माणसांनी जाळी उचलली, वाकून पाहिलं. पाणी खळखळ वाहत होतं.

"नाली तं साफ हाय आजी."

"हो काय? मंग आपोआप गेलं असन," रामबाई खाली बघत म्हणाली. "आलेच तं बसा घडीभर. वड्या हायेत."

मुकादमानं मोबाइल पाहिला. "दुसरी तक्रार लागली आजी. पुढच्या बारीनं खाऊ." गाडी गेली. व्हरांड्यात पाच ताटल्या मांडायला काढल्या होत्या, त्या तिनं पुन्हा फळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "नमस्कार. आपल्या तक्रारीचे निवारण झाले असल्यास एक दाबा."

"मशीन होय तू, मले मालूम हाय," रामबाई म्हणाली. फोन तिनं मांडीवर ठेवला आणि आवाज आपोआप बंद होईस्तोवर बटणाला हात लावला नाही. रोजच तसं करायचं तिनं ठरवून टाकलं होतं. एक तक्रार उघडी राहिली की साहेब रुख्माला बोलणार, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत होतं. पण मग रुख्माला तिच्याकडे काम पडणार होतं.

बुधवारी संध्याकाळी ती कोचईची पानं खुडायला परसात गेली.