सलीमभाईंच्या जिराफाचं तोंड

बिडकीन रोडला आमची शेड आहे. बागेत ठेवायचे फायबरचे प्राणी बनवतो आम्ही. फायबरची धूळ आंघोळ केली की जाते, पण किस्से काही केल्या सुटत नाहीत! आता या जिराफाचंच बघा ना.

ऑर्डर होती पुंडलिकनगरच्या एका शाळेची. हौदावर पाणी पिणारा जिराफ. आमचे मालक सलीमभाई यांनी वाघ-सिंह ढिगानं केले, पण जिराफ पहिलाच. त्यात त्यांची नात अलिना त्याच शाळेत, पहिलीला. तिनं वर्गभर सांगून टाकलं, "जिराफ माझे दादा बनवतायत!" झालं! भाईंची झोपच उडाली. "काहीबी करा, पण बच्चीची फजिती नको." रोज हेच पालुपद.

* * *

वेल्डर भानुदासमामांनी सांगाडा केला. मानेला पाइपचे चौदा तुकडे जोडले. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बघायला आल्या. म्हणाल्या, "मामा, मणके सातच असतात. माणसाच्या मानेत असतात तेवढेच."

मामांचं डोकं थेट खांद्यावरच ठेवलेलं. गळा चाचपत ते म्हणाले, "मंग बाई, माझे सात कुठं गेले?"

* * *

मामांनी जिराफाला गुडघे टेकवून हौदावर वाकवला होता. बाई म्हणाल्या, "तो बहुधा पुढचे पाय फाकवून पितो." मामांनी पाय फाकवले. मी टेप लावला, तर शेडच्या दारापेक्षा हातभर जास्त!

मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "तहान लागायच्या आधीच बाहेर काढायला पायजे होता ह्याला!"

शेवटी दाराची चौकट काढली.

* * *

रंगकाम माझं. जीभ मी मस्त गुलाबी रंगवली. फोटो पाठवला, तर लगेच बाईंचा फोन, "अहो, काळपट जांभळी असते. आणि हातभर लांब!"

केली जांभळी. भाईंनी वाकून बघितलं. "क्यों रे, कुणाच्या जांभळीवर चढला होता हा?"

* * *

"पण खातो काय?" मामांनी बाईंना विचारलं.

"बाभळीसारख्या काटेरी झाडांचा पाला. काट्यांतून जिभेनं ओरबाडतो. दिवसाचा बराच वेळ खातच असतो."

मामांनी शेडमागच्या बाभळींकडं बघून उसासा सोडला. "आन् माझ्या म्हशीला सरकी लागती, तीबी भिजवून!"

* * *

भाईंनी हौसेनं जिराफाला वरचे पांढरेशुभ्र दात बसवले होते. बाईंनी काढायला लावले. "वर पुढं दात नसतातच!"

मामा म्हणाले, "बराबर हाय. शेळीलाबी नसत्यात."

उद्घाटनाला सगळी पहिली हौदाभोवती जमली. जिराफाचं तोंड बरोबर पोरांच्या समोर. एक पोरगं ओरडलं, "ए, याला वरचे दातच नाहीत! अलिनाचे दादा विसरले!"

सगळा वर्ग हसायला लागला. बाई समजावत होत्या, पण ऐकतंय कोण? अलिनाचा ओठ थरथरायला लागला. मला लई वाईट वाटलं.

भाई पुढं आले. हौदाच्या कडेवर बसले, तोंडात बोटं घातली आणि वरची अख्खी कवळी काढून तळहातावर ठेवली! वीस वर्षं आम्ही डबा सोबत खातो, पण आम्हालाही पत्ता नव्हता!

पोरं कवळी बघायला पुढं सरकली.

"जिराफाला नाहीत, मला नाहीत," भाई त्या पोराला म्हणाले. "आता तू दाखव बरं तुझे!"

पोरानं दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं. अलिना मात्र खुदकन हसली. तिचेही पुढचे दोन गायब!