वाघजाईने न घेतलेला दंडवत

देवीने माझ्या वडिलांना झिडकारलं, असं मी त्या सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. निदान तेव्हा तरी तसंच वाटलं. आमच्या गावामागच्या टेकडीवर वाघजाईचं ठाणं आहे. चैत्रात तिची जत्रा भरते. रीत अशी, की घरातल्या कर्त्या पुरुषाने देवीपुढे पालथं पडून दंडवत घालायचा आणि मगच त्या घराचा नारळ फोडायचा. आमच्या घरचा दंडवत आबांचा. मला कळायला लागल्यापासून त्यात कधी खंड पडला नव्हता. त्या दिवशी ते फरशीवर पालथे झाले आणि कुणी मानगूट धरून उठवावं तसे ताडकन उठून बसले. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागले. थोड्या वेळाने पुन्हा पडून पाहिलं, पुन्हा तेच. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. देवीच्या मनातलं देवीच्याही आधी कळतं असे माझे एक चुलते आहेत. ते म्हणाले, "घेत न्हाई ती. घराचं कायतरी चुकलंय." आबांनी मान खाली घातली. नारळ तसाच माझ्या पिशवीत राहिला.

मी फारशी देवभोळी नाही. भूगावला फ्लॅटमध्ये राहते, पिरंगुटच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, आणि जत्रेला येते ती आबांसाठी. देवीपुढे हात जोडायचे नि बाजूला व्हायचं, एवढीच माझी भक्ती. पण त्या दिवशी मला देवीचा खरोखरच राग आला. ज्या माणसाने जन्मभर तुझ्याच डोंगरावर शेळ्या चारल्या, वर्षाचं पहिलं करडू तुझ्या नावाने सोडलं, त्याला चारचौघांत असं उठवून लावतेस? मनातल्या मनात मी तिच्याशी कडाकडा भांडले.

कारण मला जुने आबा आठवत होते. लहानपणी उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर रानात शेळ्यांमागे जायची. दुपारी करवंदीच्या जाळीजवळ शेळ्या सावलीला बसल्या, की आबा घोंगडी अंथरून उताणे पडायचे आणि पडता पडता झोपायचे. त्यांची ती झोप म्हणजे घरात चेष्टेचा विषय होता. आई म्हणायची, या माणसाला फक्त जमीन दाखवा. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून पडायची. अंगाला शेळ्यांचा, विडीचा आणि घोंगडीचा मिळून एक वास यायचा आणि कानाखाली त्यांची छाती ठक ठक वाजत राहायची. त्या आवाजाच्या तालावर मलाही डुलकी लागायची. आता आई नाही, करवंदीच्या जाळ्यांतून कुणाकुणाच्या प्लॉटची कुंपणं गेलीत, पण तो आवाज मला अजून कानात सापडतो.

तर दंडवतानंतर आबांची धाप कमी होण्याऐवजी वाढली. ओठ काळेनिळे दिसू लागले, एका दमात दोन शब्द बोलवेनात. दमा त्यांना जुनाच होता, पौडच्या डॉक्टरांनी दिलेला पंप खिशातच असे. तो मारला, गुण येईना. आमची जीप जत्रेच्या गाड्यांमागे पार अडकलेली. लवासाहून परतणारं एक तरुण जोडपं जत्रा बघायला म्हणून थांबलं होतं. त्यांची गाडी सगळ्यांत बाहेर, रस्त्यालगत उभी. काही न विचारता त्या मुलीने दार उघडलं. मागच्या सीटवर त्यांच्या बाळाची खुर्ची पक्की बांधलेली, म्हणून आबांना पुढे बसवावं लागलं आणि मी मागे अंग चोरून बसले. आमच्या जीपमध्ये असतो तर आम्ही त्यांना मायेने मागे आडवंच केलं असतं. पिरंगुटच्या गर्दीतून तो मुलगा हॉर्न वाजवत गाडी काढत होता आणि मी पिशवीतला नारळ उगीचच घट्ट धरून बसले होते. दवाखान्याच्या दारात आम्हाला उतरवून ती दोघं गेली. त्यांची नावं विचारायचंही मला सुचलं नाही.

तातडीच्या विभागात ड्यूटीवर एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी ऑक्सिजन लावला, छाती तपासली. छातीत शिट्ट्या वाजत होत्या. मी लगेच सांगितलं, जुना दमा आहे. त्यांनी वाफेचं औषध सुरू केलं. त्याने फार फरक पडला नाही. मग छातीचा कार्डिओग्राम काढायला सिस्टर त्यांना आडवं करू लागल्या, तर आबांनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. मास्क बाजूला सारून म्हणाले, "पाडू नगा मला. आज देवीनं बी पडू दिलं न्हाई."

सिस्टर हसल्या, पण मॅडम हसल्या नाहीत. त्या खाटेजवळ आल्या. "काका, रात्री घरी कसे झोपता?"

उत्तर मीच दिलं, तेही कौतुकाने. गेल्या हिवाळ्यात बिबट्याने आमचं एक करडू नेलं. तेव्हापासून आबा गोठ्यातच, छपराच्या मेढीला, त्या लाकडी खांबाला पाठ टेकून, बसून राखण करतात. या वयातही. ऑफिसात मी ही गोष्ट किती जणांना छाती फुगवून सांगितली होती. पाय सुजतात तेही शेळ्यांमागे फिरून, असं मी वर जोडून दिलं.

मॅडमनी माझं ऐकून घेतलं आणि पुन्हा आबांकडेच पाहिलं. "बिबट्या परत आला होता का, काका?"

आबांनी मास्क पुन्हा बाजूला सारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई आला. पडलो की पाण्यात बुडल्यावानी हुतंय. बसलं की बरं वाटतंय. पोरगी लांब ऱ्हाती, तिच्या जिवाला घोर कशाला."

मला तिथे उभं राहवेना. आमच्या भागात बिबट्याचं नाव घेतलं, की पुढे कुणी काही विचारत नाही. आबांना ते पक्कं ठाऊक होतं. सगळं गाव त्यांना राखणदार म्हणत होतं, आणि तो माणूस रात्र रात्र एका श्वासासाठी बसून राहत होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मॅडमनी नडगीवर अंगठा दाबला, तर तिथे खळगा पडून राहिला. मानेची फुगलेली शीर पाहिली. बसल्या बसल्याच कार्डिओग्राम काढला, छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, रक्त तपासायला पाठवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दमा नाही हा. हृदय कमजोर झालंय, रक्त पुढे ढकललं जात नाही, म्हणून फुप्फुसात पाणी साठतंय. त्याचीही अशीच शिट्टी वाजते. आडवं झालं की त्रास वाढतो, म्हणून माणूस उठून बसतो. मीसुद्धा दम्याच्याच वाटेला लागले होते. देवीचं बोलले म्हणून विचारलं."

त्यांनी तोंडावर दाबाने हवा देणारा मास्क लावला, लघवीवाटे पाणी काढणारी इंजेक्शनं दिली. रक्ताच्या तपासणीनेही त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. वाचतील का, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं, आणि त्याही आपणहून सांगत नव्हत्या. मी बाहेर बाकावर नारळ मांडीवर घेऊन बसले. सकाळी जिच्याशी भांडले होते, तिच्याशीच बोलत होते. मागणं सुचेना. एवढंच म्हणाले, की माझ्या हातात काही नाही, तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं म्हटलं असेन. ऊन कलायला लागलं तेव्हा सिस्टरने आत बोलावलं. आबांच्या ओठांवर रंग आला होता. मला बघून म्हणाले, "शेळ्यास्नी पाणी पाजलं का कुणी?" मी हसले आणि मग रडले.

चुलते म्हणतात, देवी कोपली होती, नंतर निवली. मी वाद घालत नाही. पण मला वाटतं, त्या सकाळी तिने तो दंडवत घेतला असता, तर आम्ही नारळ फोडून, जेवून, पंप मारून आबांना पुन्हा मेढीपाशी नेऊन बसवलं असतं. तिने त्यांना उठवलं आणि आमचे डोळे उघडले. नाकारणं हेही देणं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपण मागतो तेच मिळालं तर कृपा म्हणायची, ही माझी समजूत तिने मोडली. त्या डॉक्टर मॅडम, ते जोडपं, ती बाळाची खुर्ची, कुणाकुणाला हात जोडू?

आबांचं मीठ आता तोडलंय. सुकट बंद झाली म्हणून ते माझ्यावर रुसतात. गोळ्या मी फोन करून घ्यायला लावते. विडी सोडली म्हणतात, मी विश्वास ठेवते.

दसऱ्याला डॉक्टरांना विचारून आम्ही टेकडी चढलो, थांबत थांबत, वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली बसत. देवीपुढे आबा आधी गुडघ्यांवर आले, मग हात टेकले, मग हळूच पालथे झाले. मी श्वास रोखून उभी. ते उठले नाहीत. बराच वेळ झाला तरी उठले नाहीत, तशी चुलत्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकले. श्वास संथ चालला होता.

"आबा?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "पडू दे गं जरा. लई दिसांनी घेतलंय तिनं."

मग मीही पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी, जन्मात पहिल्यांदा, फरशीवर पालथी पडले. नारळ आम्ही नंतर फोडला.