फेऱ्यांचा काटा आणि माझी पाच बोटं

दसऱ्यानंतर चार दिवसांनी आमच्या जुन्या डिझेल गाडीतला, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा शून्यावर जाऊन बसला. वेगाचा काटा चालू, गाडी चालू, हाच तेवढा रुसलेला. मी म्हटलं, "जाऊ द्या ना! त्याच्यावाचून काय अडलं?"

पण आमच्या ह्यांचं अडलं. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस देऊळघाटच्या अलीकडच्या चढावर तीनदा गाडी बंद पाडून बसला. मागच्या जीपवाल्याच्या भोंग्यानं माझे कान किटले, अन् हे आपले शांत. मी मुळातच फटकळ. त्यांचा दंड हलवून ओरडले, "इंजिन गुरगुरून राह्यलं, ते आवाजावरून समजत नाही का? भोंगा तरी ऐकू येते का नाही?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. "नाई येत वं. दोन वर्षं झाले. जवळचं बोलणं कसंबसं समजते. गिअर काटा पाहूनच बदलतो मी."

मळणीयंत्राजवळ उभा जन्म काढलेले कान ते. अन् मी दोन वर्षं 'ऐकून न ऐकल्यासारखं करता' म्हणून त्यांना बोल लावत होते! माझी मलाच लाज वाटली.

"काटा नाही सुधरला तर गाडी विकून टाकू," ते म्हणाले. गाडी गेली की हा माणूस ओट्यावर बसणार, अन् मग उठणार नाही.

देऊळघाटच्या मिस्त्रीनं आधी फ्यूज पाहिला. चांगला. मग मीटर काढून तसल्याच दुसऱ्या गाडीला लावलं, तर तिथं काटा उड्या मारू लागला. "मीटर चांगलं हाये काकू. खबर येऊन नाही राह्यली त्याले." बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरपासून काट्याकडे एक वायर जाते म्हणे. तिची पिन त्यानं उपसली. आत लालभडक चिखल.

"गंज हाये का हा?" मिस्त्रीनं विचारलं.

गंज कशाचा! दसऱ्याला सगळे बॉनेटवर कुंकू लावतात. मी म्हटलं, बॉनेट काय काम करते? झाकण उघडून, ओल्या हळदीकुंकवाची पाचही बोटं मी थेट आत उमटवली होती. नेमका हाच भाग मला सगळ्यांत कष्टाळू दिसला होता.

मी कबूल केलं. मिस्त्री हसू दाबत म्हणाला, "पुढच्या साली दुरूनच ओवाळजा."

त्यानं पिन घासली, नवी क्लिप बसवली. ह्यांनी चावी फिरवली. काटा थरथरला, उठला अन् आठशेच्या आसपास थांबला. त्यांनी पाय थोडा दाबला, तोही वर चढला. "आता ऐकू येते," ते म्हणाले. चेहरा कसा खुलला होता!

निघायच्या आधी मी त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "चुकलं माझं."

"कुंकवाचं?"

"नाही. दोन वर्षांचं."

त्यांनी मान डोलावली, काट्याकडे पाहिलं अन् पहिला गिअर टाकला.