उजवं चाक थंड होतं

ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, हे मी आमच्या घरात किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. जेवण वाढताना सांगितलं, चहा देताना सांगितलं, एकदा तर सत्यनारायणाची कथा चालू असताना नवऱ्याच्या कानाशी लागून सांगितलं. उत्तर ठरलेलं. "गाडी न्हाय ओढत. तुझा हात ओढतो."

आमची व्हॅन सात सीटची आणि मी तिच्यात नऊ बायका बसवायचे. कायदा मला विचारू नका, सकाळी नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा. भिवंडीजवळच्या आमच्या खारबावमधून पावणेसातला निघायचं आणि पूर्ण्याच्या गोडाऊनला आठच्या आत पोचायचं. आठला गेट बंद. एक मिनिट उशीर झाला तरी वॉचमन हात हलवून परत पाठवतो आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. मी स्वतः सहा वर्षं तिथे खोक्यांना टेप लावलीय. त्या गेटची भीती मला कुणी शिकवायला नको.

आधी गाडी नवरा चालवायचा. मग साखरेनं त्याचे डोळे धरले. भर पावसाळ्यात ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, आता स्टीअरिंग विसरा. दोन महिने गाडी अंगणात नुसती उभी राहिली. लायसन माझ्याकडे होतं, हौसेनं काढलेलं. काढलं तेव्हा घरात सगळे हसले होते, "विमान पण शिकून घे" म्हणाले होते. गणपती गेले आणि मी किल्ली घेतली. खोटं कशाला बोलू, नऊ बायका मागे बसल्या आणि मी गाडी रस्त्याला लावली तेव्हा जे वाटलं ते मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. त्या सीटवर बसल्यावर मला कुणी "जरा सरक" म्हणत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात कळलं, काहीतरी बिनसलंय. हळू असताना काही नाही. जरा वेग घेतला आणि पाय दाबला की गाडी डावीकडे निघायची. डावीकडे म्हणजे कुठे? पायी चालणारी माणसं, सायकली, गटार. मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी उजवीकडे आवळून धरायचे. घरी येईपर्यंत खांदा भरून यायचा.

आमच्याकडे गाडीबद्दल शेवटचा शब्द माझ्या दिराचा. शेजारीच राहतो, एकच अंगण. गोडाऊनवाल्यांना जमीन दिली, बंगला बांधला, मोठी गाडी घेतली, तेव्हापासून त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. त्यानं व्हॅन घेतली, गावातल्या गावात एक चक्कर मारली, तीसच्या वर काटा नेला नाही, आणि उतरून म्हणाला, "वयनी, गाडीला काय पण झालेला न्हाय. बाईमाणसाचा हात हलका असतो. नाचता येईना अंगण वाकडं." नवरा हसला. मी आत जाऊन भांडी आपटली, दुसरं काय करणार होते.

मी पिच्छा सोडला नाही म्हणून दिरानं आपल्या ओळखीच्या गॅरेजला गाडी पाठवली. त्या बाबानं विचारलं, कुठे ओढते? डावीकडे? मग डावं चाक खोल. डाव्या चाकाचा ब्रेक साफ केला. तरी ओढते? डाव्या चाकाला नवे पॅड टाकले. तरी ओढते? चाकांची अलाइनमेंट केली, डावीकडचा टायर मागे टाकला, मागचा पुढे आणला. नव्या पॅडनंतर तर ती आधीपेक्षा जास्त ओढायला लागली. मी तसं सांगितलं तर गॅरेजवाला माझ्याशी बोलेचना. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दादा, आता गाडीत काय पण शिल्लक न्हाय. तुम्ही समजून घ्या." आणि माझ्याकडे बघितलं.

मग जे व्हायचं होतं ते झालं. अंजूरफाट्याच्या अलीकडे पुढचा कंटेनर एकदम थांबला. मी पाय दाबला आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे घुसली. कडेनं लूमची रात्रपाळी संपवून एक माणूस सायकल ढकलत चालला होता. आरसा त्याच्या हँडलला लागला आणि तो पडला. नशीब, कोपर सोलपटलं एवढंच. उठला, कपडे झटकले आणि मला म्हणाला, "मैडम, गाड़ी आप चला रही हो या गाड़ी आपको चला रही है?" शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी त्याला दवाखान्यात नेलं, पट्टी बांधून दिली. बायकांना त्या दिवशी गेट बंद मिळालं.

माझ्या शेजारच्या सीटवर बसणारी माझ्याच माहेरची, दिघाशीची. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. ती तरी येत राहिली, पण दुसऱ्या दिवशी दोन बायका आल्या नाहीत, रिक्षानं गेल्या. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

दिराच्या हॉलमध्ये बैठक बसली. बैठक म्हणजे दीर, नवरा आणि दारात उभी मी. दीर म्हणाला, "उद्या कुणी मेला तर आपल्या घराचं नाव जाईल. गाडी बंद करा, न्हायतर दुसरा ड्रायव्हर बसवा." मी म्हटलं, "भावजी, मला रविवारपर्यंत वेळ द्या. दोष गाडीत हाय हे मी दाखवून देते. न्हाय दाखवलं तर किल्ली तुमच्या हातात." त्यानं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं मान हलवली. हातात चार दिवस होते.

शनिवारी बायकांना सोडलं आणि पूर्ण्याच्या मागच्या बाजूला एका नव्या गोडाऊनच्या रस्त्यावर गेले. गोडाऊन चालू व्हायचं होतं, रस्ता मोकळा. चाळीसवर न्यायची, स्टीअरिंग सैल सोडायचं, ब्रेक दाबायचा. डावीकडे. परत. डावीकडे. दहाबारा वेळा केलं. शेवटी जळका वास यायला लागला म्हणून उतरले. काय बघायचं ते मला थोडंच माहीत होतं! पण भाकरी टाकायच्या आधी तवा तापला की नाही हे आपण कसं बघतो? पाण्याचा शिंतोडा मारून. हातात पाण्याची बाटली होती. डाव्या चाकाच्या भोकातून आत चार थेंब टाकले. चर्र झालं, वाफ आली. मग उजवीकडे गेले, चार थेंब टाकले. काही नाही. पाणी गुपचूप ओघळून खाली आलं. हात लावून बघितला. थंड. दहा वेळा ब्रेक मारलेलं चाक, आणि थंड!

मी तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसले. डावं चाक बिचारं एकटं थांबवत होतं सगळी गाडी, म्हणून ती तिकडे फिरत होती. उजवं नुसतं सोबत फिरत होतं. आणि तीन महिने आम्ही खोलत होतो कुणाला? डाव्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी.

तशीच भिवंडीत गेले. लूमच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, आमची दिघाशीवाली त्यांच्या घराजवळ पूर्वी भाड्यानं राहायची, तिनं सांगितलं होतं. मी त्यांना पाण्याचं सांगितलं तर आधी रागावले. "तपी हुई प्लेट पे पानी नहीं डालते, टेढ़ी हो जाती है." मग हसले. "लेकिन पकड़ा सही. जो पहिया काम करता है वो गरम होता है, और लोग उसी को खोलते रहते हैं."

त्यांनी उजवं चाक उतरवलं. ब्रेक ज्यावर सरकतो त्या दोन पिना असतात, बोटाएवढ्या. दोन्ही गंजून जाम. हातोडीनं बाहेर काढाव्या लागल्या. वर मिठाचा पांढरट थर आला होता. त्यांनी एक पीन नखानं खरवडली आणि विचारलं, "गाड़ी खारे पानी में खड़ी थी क्या?"

थंडीचे दिवस, पण मला पावसाळा आठवला. उभी होतीच. आमच्या अंगणात कोबा केलेली जागा एकच, उंचावर, आणि ती दोन्ही घरांच्या सामायिक जागेत. पावसाळ्यात तिथे दिराची मोठी गाडी. आमची व्हॅन खालच्या अंगाला, खाडीकडे, उजवी चाकं उतारावर. उधाणाची भरती आली की पाणी कुंपणातून आत येतं. ते दोन महिने नवरा हॉस्पिटल आणि घर करत होता, आणि प्रत्येक उधाणाला गाडीची उजवी बाजू खाऱ्या पाण्यात उभी राहत होती. मी दोनदा म्हटलं होतं, भावजी, जरा वर घेऊ द्या. तर म्हणे, नवी गाडी हाय वयनी, भिजली तर रंग जातो.

नव्या पिना बसवल्या, ग्रीस लावलं, दोन्ही बाजूंना सारखे पॅड टाकले. येताना मोकळ्या रस्त्यावर पन्नासवर नेली, क्षणभर हात सोडले आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. अगदी सरळ, रेघ मारावी तशी. मी एकटीच गाडीत बसून रडले. मग तोंड धुतलं आणि घरी गेले.

रविवारी त्याच हॉलमध्ये टीपॉयवर रुमाल उघडला आणि त्या दोन गंजक्या पिना ठेवल्या. सगळं सांगितलं. पाण्याचं, थंड चाकाचं, खाऱ्या पाण्याचं. गाडी कुठे उभी होती हेही सांगितलं, दिराच्या तोंडावर. नवऱ्यानं मान खाली घातली. त्याला आठवत होतं. चांगलं आठवत होतं.

दिरानं एक पीन उचलली, फिरवून बघितली, ठेवली. किल्ली घेतली आणि व्हॅन घेऊन गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत जाऊन आला. या वेळी जोरात गेला असणार, कारण लगेच परतला. आत येऊन म्हणाला, "एकदम मक्खन! आता काय पण भीती न्हाय." मला वाटलं, आता तरी म्हणेल, वयनी, चुकलं आमचं. एवढंच हवं होतं मला. शपथ सांगते, एवढंच.

तो नवऱ्याकडे वळून म्हणाला, "दादा, गाडी नीट झाली ते बरं झालं. उद्यापासून माझा मेव्हणा चालवील. रिकामाच बसलाय घरी. त्या बायका पण भ्यायल्यात ना वयनीला, त्या येतील परत." आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

मी म्हटलं, "दोष दाखवला ना मी? बोलणं काय झालं होतं आपलं?" तर म्हणाला, "दाखवला ना, कोण न्हाय म्हणतोय?" मी नवऱ्याकडे बघितलं. गाडी त्याच्या नावावर. एक शब्द बोलला असता तर पुरला असता. तो टीपॉयकडे बघत म्हणाला, "तू पण दमतेस गो. घरात कशाला वाकडं घ्यायचं?" माझा नवरा वाईट माणूस नाही, त्यानं कधी हात उगारला नाही. पण त्या दिवशी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि अजून गेलेला नाही. रुमालात पिना गुंडाळल्या आणि उठले.

मी परत गोडाऊनला लागले. टेप लावायला. व्हॅननंच जाते, दुसरं वाहन कुठलं परवडणार? मागच्या सीटवर, दिघाशीवालीच्या शेजारी; पुढची सीट तिनंही सोडली. तिच्या कपाळावरचं टेंगूळ बसलंय. मेव्हणा पुढे, आयत्या बिळावर नागोबा, गाणी मोठ्यानं लावून.

परवा अंजूरफाट्याच्या अलीकडे, त्याच जागी, पुढचा टेम्पो एकदम थांबला. यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी सरळ थांबली, कुणाचं डोकंसुद्धा हललं नाही. मेव्हण्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"बघितलंत ना ताई? हातात असावं लागतं."

दिघाशीवालीनं माझं मनगट घट्ट धरलं. पिना माझ्या पर्समध्येच होत्या, अजून आहेत. त्याच्या डोक्यात हाणाव्या असं वाटलं. पण घड्याळात पावणेआठ झाले होते, आणि गेट आठला बंद होतं.