गूळ खाल्लेलं वजन

वजनमापं तपासणारे साहेब गंगाखेडच्या बाजारात एसटीतून उतरले, की निम्मा बाजार गोदावरीपल्याड पळायचा. मी पळालो नाही, कारण माझ्या गुळाच्या दुकानाला गिऱ्हाइकांचा असा वेढा, की माशीलाही वाट नव्हती. आता वजन जप्त होणार, दुकानाला कुलूप लागणार, या धसक्यानं मला भर उन्हात हुडहुडी भरली.

साहेबांनी सरकारी वजनासमोर माझं वजन तोललं. माझंच पारडं धाडकन खाली! वर्षानुवर्षं ढेपेवर ठेवून त्याच्या बुडाला गुळाचा हा एवढा थर चढला होता. आत लोखंड आहे, हे मीही विसरलो होतो.

"अहो, तुम्ही तर स्वतःलाच लुटताय! पण जास्तीचं मापही चुकीचंच," म्हणत साहेबांनी चाकू काढला.

गिऱ्हाइकांनी बोंब ठोकली, "सायेब, खरडू नका! आमी कुटं तक्रार केली?"

साहेबांनी खरडलंच आणि वजन परत दिलं. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच एक म्हातारी पदर पसरून म्हणाली, "ती खरवड हिकडं टाका. आमच्या हक्काची हाय."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. खरवडीबद्दल त्यात काहीच नव्हतं. पुस्तक मिटून त्यांनी ती तिच्या पदरात टाकली.