वाकडी म्हणून दिलेली बंदूक

येरवड्याहून हडपसरच्या पुढे जाण्याला प्रवास म्हणायचं का, असं ज्यांना वाटतं त्यांनी शनिवारी सकाळी त्या रस्त्याने एकदा जाऊन दाखवावं.

हट्ट बाबांचा. आम्ही लोहार. बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा विठोबा, ठासणीच्या बंदुका घडवायचे. त्यातली एक हडपसरपलीकडच्या एका शेतकरी घरात आहे, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. एकदा ती हातात घेऊ दे, मग काही मागणार नाही, म्हणाले. गुडघे धरून बसलेला माणूस असं म्हणाला की रिक्षा करावीच लागते. बसने गेलात तर शेवटचा टप्पा चालायची तयारी ठेवा.

गावात आता निम्मी शेतं, निम्म्या इमारती. घरातले कर्ते नाना अगत्याने भेटले. चहा झाला, पिठलं-भाकरीचा आग्रह झाला. बंदूक मात्र पुतण्याच्या हॉटेलात देऊन टाकलेली, शोभेला! नळी केव्हाच बुजवलेली, म्हणे.

"दस्ता वाकडा हाय वो तिचा. कुणालाच नेम धरता येईना. आमच्या आज्याला फसवलं कुणीतरी."

माझं डोकंच फिरलं. पणजोबांनी फसवलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी शांतपणे विचारलं, "नाना, तुमचे आजोबा डावखुरे होते का?"

नानांनी मान डोलावली. "व्हय. जेवायचेबी डाव्या हातानं."

मग बाबांनी सांगितलं. विठोबा आजोबा गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप शिंप्यासारखं दोरीने घ्यायचे आणि दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, त्याच खांद्यासाठी वळवायचे. नानांनी पायात चपला सरकवल्या आणि आमच्याबरोबर निघाले.

हॉटेल महामार्गालगत. पार्किंग ऐसपैस, मिसळ बरी, ताक पाणीदार. बंदूक गल्ल्यामागच्या भिंतीवर, दस्त्यात आरपार स्क्रू मारलेला. खाली पितळी पाटी: 'अस्सल विलायती. याच बंदुकीने साहेबाने वाघ मारला.' कसला साहेब आणि कसला वाघ! उसातली रानडुकरं हाकलायला केलेली बंदूक ती.

नानांनी दरडावल्यावर पुतण्याने ती खाली काढली. बाबांनी हातात घेतली, स्क्रूच्या भोकावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे दिली. मी डावखुरी. प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी किती बोलणी खाल्लीत! डाव्या खांद्याला लावली. गाल बरोबर लाकडावर टेकला, नळी थेट डोळ्यासमोर आली. नानांनी ती आधी उजव्या, मग डाव्या खांद्याला लावून पाहिली आणि मान खाली घालून परत दिली.

पाटीवर विठोबा आजोबांचं नाव घाला, एवढंच बाबा म्हणाले.

"काका, गावच्या लोहाराची म्हटल्यावर फोटो कोण काढणार?" पुतण्याने नानांना विचारलं.

नाना त्याच्यावर बरेच तापले. शेवटी तो "बघू" म्हणाला. पुण्यात 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या डोळ्यांदेखत त्याने त्याच भोकात स्क्रू पुन्हा पिळला. संताप संताप झाला नुसता.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "बसली ना गं खांद्याला?" बसली, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.

तर मंडळी, त्या हॉटेलात गेलात तर मिसळ खुशाल खा, पण पाटीवर विश्वास ठेवू नका. ती बंदूक विठोबा लोहारांनी एका डावखुऱ्या शेतकऱ्यासाठी घडवली आहे. आणि ती वाकडी नाही.