खापर बर्फाच्या माथी

जानेवारी आला की मी दमते. दुबईत राहून बर्फाने दमलेली बाई म्हणून कुणी हसेल, हसू दे. करामातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या महिन्यात दुसरा विषयच नसतो. खालच्या हॉटेलात डोशांचा चर्रचर्र आवाज चाललेला असतो आणि माझा नवरा फोन नाकाला लावून कुल्लूकडच्या डोंगरांत किती बर्फ पडला ते बघत असतो. कमी पडला तरी याचा चेहरा पडलेला, जास्त पडला तरी पडलेला.

याला नाद आहे माशीने मासे धरण्याचा. गळाला किडा नाही, कणीक नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लांब दोरीने पाण्यावर अलगद सोडायची. डोंगरातल्या थंड पाण्यातल्या ट्राउटला ती खरी वाटली तर तो वर येतो आणि तोंड उघडतो, त्याच क्षणी दोरी ओढली तरच गळ लागतो. मग मासा हातात घ्यायचा, त्याच्याकडे प्रेमाने बघायचं आणि परत सोडून द्यायचा. माझा नवरा पुण्याचा, अंड्यालासुद्धा हात न लावणारा. मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची. आमच्याकडे धरलेला मासा कुणी सोडून दिला असता तर घरच्यांनी त्याची दृष्ट काढली असती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

हा नाद त्याला लावला त्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या साहेबाने. साहेब रिटायर होऊन मायदेशी गेला आणि जाताना आपली मासे धरायची जुनी काठी याच्या गळ्यात मारून गेला. मग सुरू झाला सराव. शुक्रवारी सकाळी पार्कातल्या हिरवळीवर हा दोरी भिरकावत उभा राहायचा आणि मी जरा लांबच्या बाकावर, ओळख नसल्यासारखी. एकदा वॉचमनने जवळ येऊन अगदी अदबीने विचारलं होतं, "भाईसाब, घास में क्या पकड रहे हो?" त्यानंतर आम्ही उम्म अल कुवैनच्या उथळ खाडीवर जायला लागलो. तिथे तिवरं आहेत, चिखलाचा वास आहे. मला माहेरी आल्यासारखं वाटायचं, म्हणून मी तक्रार केली नाही.

माश्या बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात शिवणाचा. मीना बाजारात लेस आणि दोरे विकणारा एक जण आहे, तो दरवेळी विचारतो की ब्लाउज कुठल्या रंगाचा. मी त्याला खरं सांगत नाही. केसाएवढा बारीक रेशमी दोरा, कोंबड्याच्या मानेची पिसं, तांदळाच्या दाण्याएवढा गळ. एक माशी बांधायला मला अर्धा तास लागतो आणि मान दोन दिवस दुखते.

आता बर्फाचं दुखणं सांगते. हिवाळ्यात वर बर्फ भरपूर पडला आणि उन्हं एकदम तापली, की नदी तांदळाच्या धुवणासारखी गढूळ होऊन फुगते. मासा तळाशी दगडाआड बसतो, वरची माशी त्याला दिसतच नाही. बर्फ कमी पडला तर नदी बारीक आणि इतकी नितळ, की आपली सावली बघूनच मासा पळतो. उन्हं तापलीच नाहीत तर पाणी असं गार, की मासा तोंड उघडायचे कष्ट घेत नाही. या सगळ्याच्या मधे वसंतात मोजके दिवस येतात. पाणी जरा उबदार होतं पण गढूळ झालेलं नसतं, दुपारच्या सुमाराला नदीतून बारीक माश्या उठतात आणि त्या खायला मासे वर येतात. ते दिवस एका वर्षी मार्चअखेर, तर दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर. आणि नवऱ्याच्या ऑफिसात वर्षाच्या रजेचा फॉर्म जानेवारीतच भरून द्यावा लागतो. एकदा भरला की खलास, एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. मी शाळेत शिकवते, माझी सुट्टी तीन आठवड्यांची. त्यातले आठ दिवस जानेवारीत, एसीखाली बसून, डोंगरावरच्या बर्फाच्या भरवशावर निवडायचे. त्या आठातले चार जाण्यायेण्यातच जातात.

चार वसंत आम्ही असेच वाया घालवले. एकदा उशिरा बर्फ पडून रस्ताच बंद झाला आणि रजा आम्ही खालच्या गावातल्या लॉजवर पत्ते खेळत काढली. दोनदा नदी पहाटेपासून रात्रीपर्यंत गढूळच. एकदा पाणी इतकं गार होतं की नवऱ्याची बोटं निळी पडली आणि मी त्याला भर नदीकाठी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पाण्यात बुडवायच्या माशीने त्याने दोनतीन मासे धरले, पण ते त्याच्या लेखी जमेला नव्हते. त्याला हवा होता तरंगत्या माशीवर आलेला मासा. पाणी फुटतं, मासा वर येतो आणि आपली माशी घेतो, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. टोरांटोला शिकणारा मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, इट्स जस्ट अ फिश." हा म्हणायचा, तुला नाही कळणार.

मग डोळ्यांचं निघालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे नीट बघायला जावं तेच मधोमध पुसलेलं. डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शनं देत राहू, पण बारीक वस्तू दिसणं हळूहळू जाईल, कधी ते सांगता येत नाही. दवाखान्यातून खाली आलो तर हा टॅक्सीला हात न करता फूटपाथवर उभाच राहिला. "म्हणजे एखादाच सीझन," एवढंच म्हणाला. मला त्याचा राग आला. बायकोचा चेहरा दिसणार नाही याचं काही नाही, माशीचं मेलं दुःख. घरी येऊन मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले आणि मग कुकर लावला.

त्या हिवाळ्यात मी माश्या जरा मोठ्या बांधायला लागले. न सांगता. गळ एक नंबर मोठा, मग दोन नंबर, आणि पंखाला पांढरंशुभ्र पीस. एक दिवस त्याने डबा उघडून एक माशी बोटांनी चाचपली आणि वैतागून म्हणाला, "ही माशी आहे की कोंबडी? ट्राउट हसेल मला." मी म्हटलं, दोरा जाड मिळाला. त्याने त्या माश्या बाजूला ठेवल्या, मी त्या परत डब्यात घातल्या.

पाचव्या वसंतात नशीब उघडलं असं वाटलं. मार्चमध्ये बर्फ पडला होता, पण आम्ही पोचलो तेव्हा नदी सकाळी काचेसारखी होती. ज्यांच्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ म्हणाले की वरच्या अंगाला जा, पण बर्फाचं पाणी दुपारी येतं, त्याच्या आत काठावर या. नेमकं किती वाजता येतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी खाडीची मुलगी. पाण्याची वेळ मला कुणाला विचारावी लागत नाही असा माझा समज होता. लहानपणी वडिलांनी शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे भरती रोज पाऊण तास उशिरा. आमच्याकडे पोरंटोरंसुद्धा या हिशेबावर खाडी उतरतात.

पहिल्या दिवशी पाणी बारा वाजता चढलं. दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता. तिसऱ्या दिवशी दीड. मी घड्याळ दाखवून नवऱ्याला म्हटलं, बघा, डोंगर काय आणि खाडी काय. उद्या सव्वादोनच्या आत पाणी येत नाही. तीनही दिवस सकाळचं मळभ रोज थोडं उशिरा फाटत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. समुद्र चंद्राचं ऐकतो आणि ही नदी उन्हाचं. चौथ्या दिवशी, आमच्या शेवटच्या दिवशी, उजाडल्यापासून आभाळ लख्ख होतं आणि मी खूश होते.

नदीचा एक फाटा ओलांडून पलीकडे वाळूगोट्यांचं बेट होतं, त्याच्या कडेला संथ डोह. गुडघाभर पाण्यातून नवरा तिकडे गेला. मी अलीकडे थर्मास घेऊन बसले आणि सवयीने पाण्याच्या रेषेवर एक पांढरा गोटा ठेवला. अकराच्या सुमारास खरोखरच बारीक माश्या उठल्या. धुरळ्यासारख्या. आणि डोहात एक मासा वर आला, मग पुन्हा त्याच जागी. पाण्यावर वर्तुळं उमटत होती. नवऱ्याने डब्यातून मी बांधलेली कोंबडी काढली, बांधली आणि दोरी सोडली. इतकी सुंदर दोरी त्याने पार्कात कधी टाकली नव्हती.

माझी पांढरी माशी अलगद उतरली आणि वाहत आली. मला ती अलीकडच्या काठावरून स्पष्ट दिसत होती. पाणी फुटलं, एक जाड काळपट तोंड वर आलं आणि माशी गेली. नवरा तसाच उभा. तो बघत होता, पण हातभर वरच्या बाजूला, जिथे त्याला आपली माशी वाटत होती तिथे. माशाने माशी थुंकली, ती परत तरंगायला लागली. नवऱ्याने दोरी उचलली, शांतपणे पुन्हा टाकली. मासा पुन्हा आला. पुन्हा घेतली. नवरा पुन्हा तसाच, मान किंचित वाकडी करून, वाट बघत.

मी "ओढा" म्हणून ओरडले असते तर मासा लागला असता. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण मग तो मासा माझ्या डोळ्यांनी धरलेला झाला असता, आणि त्याला त्याच क्षणी कळलं असतं की त्याचा सीझन येऊन गेला, तो आधीच संपलाय. मला ते त्याला सांगता आलं नाही. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. मी खाली बघितलं तर माझा पांढरा गोटा पाण्याखाली गेला होता.

मग मात्र मी जिवाच्या आकांताने ओरडले. पाणी आलं, परत या. त्याने हात वर करून पाच मिनिटं मागितली. डोहाचा रंग वरच्या टोकाकडून बदलत चालला होता. मी काठावरचं एक लाकूड घेऊन मांडीभर पाण्यात उतरले तेव्हा तो निघाला. मधोमध त्याचा पाय घसरला, मी त्याचा दंड धरला, आणि काठाला लागलो तेव्हा दोघांचे दात वाजत होते. पाचच मिनिटांत तो डोह उरला नाही.

ओले मोजे काढताना तो हसायलाच लागला. म्हणाला, "यल्ला, चला बाईसाहेब. तुमची पाऊणकी बुडाली." मी म्हटलं, हो, माझंच चुकलं.

तेव्हापासून करामात कुणीही आलं की हा किस्सा होतो. पाहुण्यांच्या हातात चहा, आणि याचं सुरू: मासा वर आला होता, माझ्या माशीला नाक लावणार एवढ्यात वरच्या बर्फाने घात केला, आणि हिची भरती-ओहोटी, विचारूच नका. सगळे हसतात. मीही हसते आणि बर्फाला दोन शिव्या जास्तीच्या घालते. त्या बर्फाचा काही दोष नव्हता. तो वेळेवर वितळला. पण खापर फोडायला तो बरा, त्याला काही वाटत नाही.

या जानेवारीत रजेचा फॉर्म आला. अक्षरं मोठी करूनही त्याला वाचता येईना, म्हणून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. डोंगरावर यंदा बर्फ बरा आहे, असं मीच त्याला वाचून दाखवलं. मी तारखेच्या रकान्यापाशी थांबले. तो खिडकीकडे बघत होता.

"त्या दिवशी पाणी यायच्या आधी मासा आला होता का गं? माझ्या माशीवर?"

"नाही हो," मी म्हटलं. "आला असता तर मी ओरडले नसते का?"

 खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"मग एप्रिलचा दुसरा आठवडा टाक," तो म्हणाला. "आणि माश्या जरा मोठ्या बांध. पांढऱ्या."

मी तारीख टाकली. पिसांचा डबा कपाटावर होता, तो काढायला स्टूल आणलं.